सहभाग आणि संमती : उस्मानाबाद येथील गर्भाशयमुख कर्करोग संशोधनाची चिकित्सा

कर्करोगविषयक चाचण्यांत आफ्रिकन-अमेरिकन पुरुष अल्प संख्येने का सहभागी होतात, या प्रश्नाची अमेरिकेत विपुल चर्चा झाली आहे. त्या चर्चेत टस्कीगीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. तेथे १९३२ ते १९७२ या काळात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास झाला आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही रोगग्रस्तांना ते दिले गेले नाही. त्यामुळे तेथे नकाराची कारणमीमांसा होते. मराठवाड्यातील ग्रामीण स्त्रीचा होकार मात्र गृहीत धरला जातो. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील संशोधन याचे ठळक उदाहरण होय.

१९९९ मध्ये हाती घेतलेल्या या अभ्यासात बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांचा सहभाग होता. ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयोगटाच्या १,३१,७४६ स्त्रियांची चार गटांत विभागणी झाली. तीन गटांना एचपीव्ही, पॅप अथवा ॲसेटिक आम्ल लावून करावयाची तपासणी देऊ करण्यात आली. चौथ्या, नियंत्रण गटातील ३१,४८८ स्त्रियांना अशी तपासणी दिली गेली नाही. ती कोठे मिळू शकेल एवढे सांगण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने एचपीव्ही गटात ३४, तर नियंत्रण गटात ६४ स्त्रिया दगावल्या. एकाच एचपीव्ही तपासणीने मृत्यू टळू शकतात, हे यातून सिद्ध झाले. या निष्कर्षाचे मोल निःसंशय मोठे आहे.

नियंत्रण गटावर पुढे तीव्र टीका झाली. देशात नियमित तपासणीची व्यवस्थाच नसल्याने त्या स्त्रियांकडून काहीही हिरावून घेतले गेले नाही, असा संशोधकांचा बचाव होता. हा बचाव अपुरा वाटतो. व्यवस्थेचा अभाव हे संशोधनाचे कारण असू शकते. पण तपासणी देऊ न केलेल्या गटात आपण का आहोत, हे त्या स्त्रीला कितपत उमगले होते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

तपासणी देऊ केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८० टक्के आल्या. अहवालात हे यश ठरते. परंतु जवळपास दुसरा डॉक्टर नसताना मोफत तपासणीला दिलेला होकार कितपत स्वेच्छेचा असतो? आणि उरलेल्या सुमारे एक-पंचमांश स्त्रियांचे काय? जालना जिल्ह्यातील अंबड-घनसावंगी भागाशी परिचित वाचकाला यातील अडचण सहज कळेल. ऊसतोडीच्या हंगामात बिऱ्हाड कारखान्याच्या तळावर असते. गावात भरलेल्या शिबिराला अशी स्त्री आली नाही, तर तो नकार म्हणावा की गैरहजेरी? लाज, पतीची परवानगी, बुडणारी मजुरी, दवाखान्याचे भय ही कारणेही परस्परांहून भिन्न आहेत. तक्त्यात मात्र त्या सर्वांना एकच रकाना आहे.