सभंग श्लेष : ग्रंथातला आणि पेठेतला

श्लेषाचे सभंग आणि अभंग असे दोन प्रकार संस्कृत साहित्यशास्त्राने मानले. अभंगात शब्द अखंड राहून दोन अर्थ देतो. सभंगात तो वेगळ्या ठिकाणी तोडला की दुसरा अर्थ निघतो. महाकाव्यात आढळला तर हा अलंकार ठरतो. बोलण्यात आढळला तर 'कोटी' म्हणून त्याची बोळवण होते. हा भेद रचनेचा की केवळ प्रतिष्ठेचा, हे तपासण्यास जालन्यासारखे बहुभाषिक व्यापारी गाव सोयीचे आहे.

जालन्यातील मस्तगड ही १७२५ मधील गढी. 'मस्तगड पाहिला' हे वाक्य काय पाहिले ते सांगते. 'मस्त गड पाहिला' हे कसा वाटला ते सांगते. विशेषनामातील समास सुटताच मूळचे विशेषण मोकळे होते आणि पत्त्याचा अभिप्राय बनतो. फारसीत 'धुंद' असा अर्थ असलेला शब्द मराठीत 'छान' झाला नसता, तर ही गंमत संभवलीच नसती.

व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपीत मात्रा बहुधा गाळत आणि शब्द जोडून लिहीत. त्यावरूनच 'काका अजमेर गये' हा निरोप 'काका आज मर गये' असा वाचून घरात रडारड झाल्याची कथा प्रसिद्ध आहे. मोडीतही शब्द तोडण्याचे काम वाचणाऱ्याकडेच असे. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर विरामचिन्हे मराठीत रुळवली, आणि आवाजातील थांब्याची जबाबदारी कागदाने उचलली. 'मारू नका, सोडा' आणि 'मारू, नका सोडा' यांत एका स्वल्पविरामावर माणसाचा जीव टांगलेला असतो.

कोटी क्षणजीवी असते, ती आशयात भर घालत नाही, हा आक्षेप अनेक कोट्यांपुरता खरा आहे. मस्तगडावरील कोटी हसवून विरते. काकांच्या कथेचे तसे नाही. पत्रावरच ज्यांचा व्यवहार आणि आप्तसंबंध चालत, त्यांचे भय तिच्यात साठले आहे. दोन्ही वाचने व्याकरणदृष्ट्या निर्दोष असणे ही श्लेषाची पहिली अट. दुसऱ्या वाचनाने काहीतरी पणाला लागणे, ही त्याच्या मोलाची कसोटी. ही कसोटी ग्रंथातील श्लेषालाही लावावी लागेल, आणि तेथे कित्येक प्रतिष्ठित श्लेष उणे ठरतील.

शुद्धतेच्या आग्रहापुढेही येथे एक पेच उभा राहतो. 'जालना सोने का पालना' ही म्हण मराठी घरांतही हिंदीतच म्हटली जाते. 'पालना'चा 'पाळणा' केला की भाषा मराठी होते, पण यमक लंगडे पडते. म्हण जशीच्या तशी ठेवणारा माणूस व्याकरण चुकत नाही. दोन व्याकरणे एकाच वेळी सांभाळतो. त्याच्या बोलण्यावर शुद्धलेखनाची लाल रेघ ओढणाऱ्या समीक्षेला विनोद दिसत नाही, आणि ज्या नियमांची ती राखण करते, ते बोलणाऱ्याच्या कानात किती खोल मुरले आहेत, हेही दिसत नाही.