आठ पानांतला भूकंप

शिरूर अनंतपाळला व्याख्यानासाठी गेलो असता नववीतल्या चार मित्रांनी एक चित्रकथा आमच्या हाती ठेवली. फुलस्केप कागद तीनदा दुमडून, मधोमध एक काप देऊन केलेली आठ पानांची पुस्तिका. ना स्पर्धा, ना गुरुजींचा आदेश. एका मोकळ्या तासाला एकाने पडकी भिंत काढली, दुसऱ्याने तिच्याखाली संवाद लिहिला आणि मग चौघेही गुंतले. (जेरी सीगल व ज्यो शूस्टर या क्लीव्हलंडच्या शाळकरी मित्रांचा पहिला 'सुपरमॅन' १९३३ साली असाच घरगुती सायक्लोस्टाइल अंकात आला. तो मात्र खलनायक होता!)

विषय आहे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप. तिसऱ्या पानावर गणपती विसर्जनाहून परतलेली माणसे झोपली आहेत. चौथे पान संपूर्ण काळे, त्यावर फक्त '३.५६'. मधले काहीच काढलेले नाही. ते वाचकाने मनात पाहायचे. चित्रकथेचे बळ या मोकळ्या जागेत असते, हे मुलांना न शिकवता उमगले आहे.

पाचवे पान मात्र फसले. किल्लारीच्या थेट खाली भारतीय व आशियाई भूपट्ट एकमेकांवर आदळताना दाखवले आहेत. पाठ्यपुस्तकातली हिमालयाची आकृती उचलून मराठवाड्यात ठेवली, एवढेच! ती सीमा येथून हजारावर किलोमीटर दूर आहे. किल्लारी भूपट्टाच्या पोटात येते. उत्तरेकडच्या त्या रेट्याचा ताण खडकांतून आतवर पोचतो आणि एखाद्या जुन्या, कमकुवत भेगेवर मोकळा होतो. म्हणजे मुलांचे ठिकाण चुकले, कारण अगदीच चुकले नाही.

सहाव्या पानावर पत्र्याच्या शेडसमोर बसलेली आजी म्हणते, "भुईनं नाही मारलं बाबा, भितीनं मारलं." सुमारे ६.२ प्रतीच्या या भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचे जड छत अंगावर आल्याने. आमच्या तासाभराच्या व्याख्यानात हे इतके नेमके आले नव्हते. हे वाक्य एकाच्या खऱ्या आजीचे आहे, असे कळले.

शेवटच्या पानावर चष्मेवाला शास्त्रज्ञ भल्यामोठ्या फुग्यात सूचना देतो. कथा तिथे मरते. तो चेहरा आम्हाला ओळखीचा वाटला!

पाचव्या पानाची चूक सांगितल्यावर चौघांत वाद जुंपला. पुस्तिका एकाच कागदाची, त्यामुळे एक पान बदलायचे तर आठही पुन्हा काढावी लागणार. अखेर त्या पानावर कोरा तुकडा चिकटवायचे ठरले आणि डिंक आणायला एक जण पळाला.