गुडघ्याच्या संधिवातावरील विद्युत-उद्दीपन उपचार : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वयोमानानुसार गुडघ्याच्या सांध्यातील कूर्चा झिजते, हाडांच्या कडा वाढतात आणि चालणे, जिना चढणे, मांडी घालून बसणे या साध्या क्रिया वेदनादायक होतात. झीज भरून काढणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे उपचारांचा भर वेदनाशमनावर असतो. वेदनाशामक गोळ्यांचे जठर व मूत्रपिंडावरील दुष्परिणाम पाहता, त्वचेवर चकत्या चिकटवून सौम्य विद्युतप्रवाह देण्याची ‘टेन्स’ ही पद्धती आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. सामान्य बोलीत रुग्ण तिला ‘करंट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. प्रस्तुत लेखात या पद्धतीमागील सिद्धांत आणि तिच्याविषयीचा पुरावा यांतील अंतर तपासले आहे.

सैद्धांतिक आधार :
विजेने वेदना शमविण्याची कल्पना प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखी व वातरक्त यांवर विद्युतमाशाचा उपयोग सांगितला होता. आधुनिक आधार मात्र रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांताने दिला. स्पर्शसंवेदना वाहणारे जाड मज्जातंतू उद्दीपित झाल्यास मेरुरज्जूतील ‘द्वार’ अंशतः बंद होते व बारीक तंतूंकडून येणारा वेदनेचा संदेश क्षीण होतो, असे त्याचे सार आहे. दुखऱ्या भागावर हात चोळल्याने बरे वाटते, हा अनुभव याच तत्त्वाने उलगडतो. १९६७ मध्ये वॉल व विल्यम स्वीट यांनी विद्युत-उद्दीपनाने माणसातील वेदना तात्पुरती थांबविता येते, असे दाखविले. येथे ‘तात्पुरती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण पुढील प्रचारात नेमका तोच गळून पडला.

पुराव्याची चिकित्सा :
२००० मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात सात चाचण्यांच्या आधारे टेन्स प्लासिबोपेक्षा प्रभावी असल्याचे म्हटले गेले. २००९ च्या सुधारित आढाव्यात टेन्ससह अन्य विद्युत-उद्दीपन पद्धतींच्या १८ चाचण्या व ८१३ रुग्ण समाविष्ट होते. सरासरी काढता परिणाम मोठा दिसत होता. परंतु चाचणी जितकी लहान तितका लाभ मोठा, असे चित्र होते. समाविष्ट चाचण्यांपैकी सर्वांत मोठ्या चाचणीच्या आकाराशी तुलना करता अपेक्षित लाभ दहा सेंटिमीटरच्या वेदनापट्टीवर केवळ ०.२ सेंटिमीटर उरला. रुग्णाला असा फरक जाणवणेही कठीण. टेन्सची परिणामकारकता सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष त्या आढाव्याने काढला.

पुढील मोठ्या चाचण्यांनी ही शंका बळकट केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२४ रुग्णांच्या चाचणीत सर्व गटांना रुग्णशिक्षण व व्यायाम देण्यात आला होता. सर्वच गट सुधारले. टेन्सची वेगळी भर दिसली नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२० रुग्णांच्या चाचणीतही खरे व बनावट टेन्स यांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१४ मध्ये टेन्सला पूरक उपचार म्हणून मान्यता देणाऱ्या ब्रिटनमधील ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये तो देऊ नये, अशी भूमिका घेतली. अमेरिकन संधिवात महाविद्यालयाने तत्पूर्वीच, २०१९ मध्ये, त्याविरुद्ध स्पष्ट शिफारस केली होती.

दुसरी बाजू :
टेन्सच्या समर्थकांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. अनेक चाचण्यांत प्रवाहाची तीव्रता अपुरी होती, असे ते म्हणतात. विविध वेदनांवरील ३८१ चाचण्यांच्या २०२२ मधील आढाव्यात उपचार चालू असताना किंवा त्यानंतर लगेच वेदना कमी होत असल्याचे आढळले. मात्र प्रवाहाची मुंगी त्वचेला जाणवते. त्यामुळे खरा उपचार कोणता हे रुग्णाला ओळखता येते आणि निःपक्ष तुलना अवघड होते. शिवाय घटकाभर मिळणारा आराम व महिनोन्महिने टिकणारा लाभ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याच्या पुराव्यावर दुसऱ्याचे आश्वासन देणे तर्कदुष्ट ठरते.

निष्कर्ष :
द्वार-नियंत्रण सिद्धांताचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. परंतु सुसंगत सिद्धांत हा परिणामकारकतेचा पुरावा नव्हे. योग्य रुग्णात टेन्स बव्हंशी निरुपद्रवी आहे. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी तो वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये. खरा तोटा वेगळाच आहे. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम व वजननियंत्रण यांचा लाभ अधिक भक्कमपणे सिद्ध झालेला आहे. पण त्यांसाठी रुग्णाला स्वतः कष्ट घ्यावे लागतात. यंत्राखाली स्वस्थ पडून राहण्याची सवय त्या कष्टांची जागा घेऊ लागली, तर वेळ व पैसा खर्चूनही गुडघा दुर्बळच राहतो. म्हणून टेन्स दिलाच, तर तो व्यायाम सुसह्य करण्यापुरता, मर्यादित काळासाठी आणि त्याच्या मर्यादा रुग्णाला स्पष्ट सांगूनच द्यावा, हे उपचारकाचे कर्तव्य ठरते.