टाकीत हिंदकळणारे पेट्रोल

रॉबर्ट पिर्सिग यांच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'विषयी लिहिणारे बहुतेक जण थेट तत्त्वज्ञानाकडे वळतात. ते स्वाभाविकही आहे. १२१ प्रकाशकांनी नाकारलेल्या आणि १९७४ साली छापून आलेल्या या पुस्तकात प्लेटो आहे, कांट आहे, 'क्वालिटी' या कल्पनेचा दीर्घ पाठलाग आहे आणि लेखक काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात शिकत होता त्याचे पडसादही आहेत. मला मात्र पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो तो दुसऱ्या प्रकरणातला जेमतेम दोन-तीन पानांचा प्रसंग. त्यात एक इंजिन बंद पडते आणि का बंद पडले ते कळत नाही. यंत्राचा दोष शोधण्याविषयी इतके खरे ललित गद्य माझ्या वाचनात दुसरे नाही.

निवेदक आपल्या लहान मुलाला, ख्रिसला, मागे बसवून कॅनडाच्या दिशेने निघालेला आहे. मोटारसायकल छोटी, साडेसहा अश्वशक्तीची, सामानाने वाकलेली. मुसळधार पाऊस सुरू होतो. वेग ताशी पंचवीस मैलांवर येतो, मग वीसवर. इंजिन ठोके चुकवू लागते, खोकते, फटफट आवाज काढते आणि अखेर चालण्याच्या गतीने कशीबशी एका पडक्या पेट्रोल पंपापर्यंत पोचते. तिथे निवेदक अंगावरचा पोंचो टाकीवर धरतो, गाडी दोन्ही पायांमध्ये घेऊन हलवतो. आत पेट्रोल हिंदकळताना दिसते. म्हणजे पेट्रोल आहे. तो प्लग पाहतो, पॉइंट पाहतो, कार्बोरेटर पाहतो, दमून जाईपर्यंत किक मारतो. काही होत नाही. सहल तिथेच संपते.

दोन आठवड्यांनी, एका संध्याकाळी, तो कार्बोरेटर उतरवतो. दोष सापडत नाही. परत बसवण्याआधी त्यावरचे वंगण पुसायला थोडे पेट्रोल हवे म्हणून टाकीचा कॉक सोडतो, तर एक थेंब येत नाही. मुख्य टाकी कोरडी. पावसात जे हिंदकळले ते रिझर्व्हमधले पेट्रोल होते आणि रिझर्व्हचा कॉक त्याने कधी फिरवलाच नव्हता.

या प्रसंगातली पहिली थोर गोष्ट म्हणजे निदान आधीच वाक्यात ठेवलेले आहे. ठिणगी अचानक तुटते तेव्हा इंजिन बहुधा झटक्यात गप्प होते; पेट्रोल आटत जाते तेव्हा ते हळूहळू शक्ती गमावते, धापा टाकते, अडखळते आणि मग विझते. पिर्सिग वेगाचे आकडे उतरत्या क्रमाने देतात, मग ठोके चुकणे, मग खोकणे. इंजिनाशी रोज संबंध येणाऱ्या वाचकाला इथेच संशय यायला हवा. पण प्लगच्या टोपीत किंवा वायरीत पाणी शिरले तरी इंजिन असेच फटफटते, आणि बाहेर धो धो पाऊस आहे. दोन्ही वाचने शक्य आहेत. लेखकाने लक्षणे प्रामाणिकपणे मांडली आहेत आणि तरीही निवेदकाप्रमाणे आपणही पावसाकडे बोट दाखवतो. रहस्यकथेच्या लेखकालाही हे इतक्या थोड्या जागेत साधत नाही.

दुसरी गोष्ट ते हिंदकळणे. निवेदकाने पेट्रोल तपासले नाही असे म्हणता येणार नाही. त्याने तपासले, पण ज्याचे उत्तर आधीच ठरले होते अशा रीतीने तपासले. टाकीत पेट्रोल आहे का, हा प्रश्न हिंदकळण्याने सुटतो. कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचते का, हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी नळी काढून, कॉक सोडून, धार डोळ्यांनी पाहावी लागते. दोन्ही प्रश्न ऐकायला सारखे वाटतात. सगळा अनर्थ त्यांच्यामधल्या फटीत घडतो. आपल्याकडे जुनी स्कूटर आडवी कलवून किंवा कॉक रिझर्व्हला लावून घरी आलेली पिढी अजून आहे. तिच्या हातांना या पानाची लगेच ओळख पटेल.

आणि हे फक्त त्या मोटारसायकलचे नाही. अमेरिकेत एक-दोन एकरांच्या आवारातले गवत कापायला गार्डन ट्रॅक्टर वापरतात. त्याची एक नेहमीची तक्रार अशी की इंजिन चालू होते आणि बंद पडते. अजिबात चालू न होणाऱ्या इंजिनापेक्षा हे इंजिन पुष्कळ अधिक बोलते. ते क्षणभर का होईना चालले, म्हणजे त्या क्षणी ठिणगी, दाब, हवा आणि पेट्रोल ही सगळी हजर होती. मग त्यातले काय संपले किंवा काय अडले, एवढाच शोध उरतो आणि त्यात वेळ हाच मुख्य साक्षीदार असतो. काही सेकंदांत बंद पडत असेल, तर कार्बोरेटरच्या बाऊलमधले साठलेले पेट्रोल जळते आणि मागून नवे येत नाही: फिल्टर तुंबलेला, नळी आतून फुगलेली किंवा फ्लोटची सुई अडकलेली. चोक ओढला असेपर्यंत चालून चोक सोडताच मरत असेल, तर पेट्रोल येते आहे पण जेटमधून पुरेसे जात नाही. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि उरलेला चिकट थर जेटच्या बारीक भोकात बसतो. सीटवरून उठताच बंद पडत असेल, तर बहुधा दोषच नाही, सीटखालचा सुरक्षेचा स्विच आपले काम करतो आहे. मात्र तुम्ही बसलेले असताना हादऱ्याने तोच स्विच सुटला, तर माणूस कार्बोरेटर खोलत बसतो.

सर्वांत फसवे इंजिन म्हणजे पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालून बंद पडणारे आणि थोड्या वेळाने, काहीच न करता, पुन्हा चालू होणारे. याची दोन कारणे नेहमी शेजारी उभी असतात. एक, तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल. दुसरे, टाकीच्या झाकणातले हवेचे भोक बुजलेले. पेट्रोल खाली जाते तशी वरून हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत निर्वात वाढतो आणि पेट्रोल उतरायचे थांबते. टाकी भरलेली असते, हलवली तर हिंदकळते आणि इंजिन उपाशी मरते. उभे राहिल्यावर कॉइल थंड होते आणि त्याच वेळात हवाही हळूहळू आत झिरपते, म्हणून दोन्ही दोष सारखेच दिसतात. ते वेगळे करायचे तर इंजिन बंद पडल्याच्या त्याच मिनिटाला करावे लागते: झाकण सैल करून लगेच चालू होते का पाहायचे, नाही झाले तर प्लग काढून ठिणगी पाहायची. दहा मिनिटे थांबून चहा घेऊन आलात की पुरावा गेला.

हे ध्यानात घेऊन पुन्हा पिर्सिग यांच्या पानाकडे गेले की ख्रिस दिसू लागतो. पहिल्या वाचनात तो फक्त त्रास देणारे मूल आहे. सारखे प्रश्न विचारतो आणि बापाला राग येतो. पण त्याच्या सूचनांमध्ये एक आहे: पेट्रोल बघा. बाप म्हणतो, ते बघून झाले. बस, एवढेच. लेखक या ओळीवर थांबत नाही, तिला अधोरेखित करत नाही, पुढे दोष सापडल्यावर मुलाची आठवणही काढत नाही. मला हा संयम फार मोठा वाटतो. पुढे पुस्तकात बराच काळ बाप मुलाचे ऐकत नाही, आणि त्या न ऐकण्याची पहिली नोंद इथे, एका बंद गाडीपाशी झालेली आहे. ख्रिसचा १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत खून झाला आणि नंतरच्या आवृत्तीत पिर्सिग यांनी त्याविषयी लिहिले. ते कळल्यावर ही ओळ सहज ओलांडता येत नाही.

शोध कसा लागतो, तेही पाहण्यासारखे आहे. दोष शोधताना तो सापडत नाही. वंगण पुसायला दोन थेंब हवेत, अशा साध्या गरजेपोटी हात कॉकवर जातो, तेव्हा सापडतो. त्या क्षणी निवेदकाला काहीही सिद्ध करायचे नव्हते. पाऊस दोन आठवड्यांमागे राहिला होता. डोक्यातले उत्तर बाजूला झाले आणि टाकीला स्वतःचे म्हणणे मांडता आले.

नवव्या प्रकरणात पिर्सिग याच अनुभवाची पद्धत करतात. वहीत समस्या लिहायची ती आपल्याला नक्की ठाऊक आहे तेवढीच. वीजयंत्रणेत काय बिघडले असे लिहिणे चूक, कारण बिघाड विजेत आहे हे कुठे ठाऊक आहे? गाडी का चालत नाही, एवढेच लिहायचे. मग अंदाज, मग तो अंदाज खोटा ठरू शकेल अशी चाचणी. सव्विसाव्या प्रकरणात मन खचवणाऱ्या सापळ्यांची चर्चा येते. त्यात येणारा-जाणारा दोष आहे आणि दक्षिण भारतातला माकडांचा सापळाही आहे, ज्यात नारळातला भात मुठीत धरून ठेवल्यामुळे माकड अडकते. दुसऱ्या प्रकरणातल्या बापाची मूठ पावसावर वळलेली होती. हा धागा लेखक स्वतः जोडून दाखवत नाही, वाचकावर सोडतो.

एक तक्रार आहे. पुस्तकाच्या शेवटच्या भागात, विशेषतः ग्रीकांवरच्या प्रकरणांत, यंत्र फार दूर जाते आणि लेखक ज्या काटेकोरपणाची शिकवण देतो तो प्लेटो-ॲरिस्टॉटलबद्दल बोलताना तितका पाळत नाही. तिथे निष्कर्ष आधी आणि पुरावा नंतर, असे अनेकदा वाटते. कॉक सोडून बघण्याची सवय तिथेही हवी होती.

म्हणून हे पुस्तक अर्ध्यात सोडलेल्या वाचकांना माझी विनंती आहे: दुसऱ्या प्रकरणातला हा प्रसंग, नववे आणि सव्विसावे प्रकरण, एवढेच आधी सलग वाचा. त्यासाठी तत्त्वज्ञानाची पूर्वतयारी लागत नाही. बंद पडलेल्या गाडीला कधी किक मारली असेल, तरी पुरे आहे.