७४ टक्केवाल्याने काय करायचं?

सत्र संपत आलं की ऑनर्सवाल्यांसाठी नोटिसा लागतात. पोस्टर स्पर्धा, कार्यशाळा, सर्टिफिकेट. बऱ्याचशा फोटोपुरत्या, हे माझं मत. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तरच चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प मिळतो. पण पाठांतराचे मार्क आणि बिघडलेला प्रयोग पुन्हा लावायची चिकाटी, यांचा संबंध काय? ७४ वाल्याला उरते विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप. तिथे मार्कांसोबत तुमचं लिखाण आणि शिफारसपत्रही लागतं. तिचे अर्ज मात्र आदल्या हिवाळ्यातच, परीक्षेच्या धांदलीत, भरायचे असतात आणि नेमकी तीच नोटीस फळ्यावर सापडत नाही. शिफारसपत्रासाठी सरांना दिवाळीआधीच गाठा.