मुख्य निकाल 'फरक नाही', मग मृत्यू निम्म्याहून कमी कसे?

पीएचडीच्या मुलाखतीत "वाचलेल्या एखाद्या पेपरवर टीका करा" असं सांगितलं की बरेच जण "सॅम्पल लहान आहे" म्हणून थांबतात. त्यापुढे कसं जायचं, यासाठी आज एक पेपर घेऊ. मी सर्जन नाही, त्यामुळे कोणतं ड्रेसिंग चांगलं हे सांगणार नाही. पुरावा किती वजन पेलतो, तेवढंच बघू.

आधी विषय. मोठ्या अपघातात किंवा आतडं फुटल्यावर तातडीचं ऑपरेशन होतं, पण कधी कधी पोट लगेच शिवता येत नाही. आतडी सुजलेली असतात. ओढून शिवलं तर आतला दाब वाढून किडनी आणि फुप्फुसं अडचणीत येतात. म्हणून काही दिवस तात्पुरतं झाकण. कोलंबियात ओस्वाल्डो बोराएझ यांनी १९८४ मध्ये सलाईनची पिशवी कापून पोटावर शिवली, तीच 'बोगोटा बॅग'. पुढे बार्कर यांचा व्हॅक्यूम पॅक आला: भोकं पाडलेलं प्लास्टिक, ओले टॉवेल, नळ्या, वर चिकट पडदा आणि सक्शन. सगळं थिएटरमध्येच जुळवलेलं (आपल्याकडच्या भाषेत जुगाड, पण विचारपूर्वक केलेला). आणि नंतर कंपनीचं तयार ड्रेसिंग, अ‍ॅबथेरा.

कर्कपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी'त या शेवटच्या दोघांची तुलना छापली. ४५ रुग्ण, रँडमाइज केलेले: २३ अ‍ॅबथेरा, २२ बार्कर. गृहीतक असं, की चांगलं सक्शन पोटातलं दाहकारक पाणी जास्त काढेल आणि त्यामुळे शरीरातला दाह उतरेल. म्हणून रक्तातलं आयएल-६ मोजलं. फरक नाही. पाणी? फरक नाही. पोट कायमचं बंद होण्याचं प्रमाण? तिथेही नाही. पण ९० दिवसांतले मृत्यू २१.७ टक्के विरुद्ध ५० टक्के, पी ०.०४!

आता टक्केवारी सोडा आणि माणसं मोजा. २३ पैकी ५, २२ पैकी ११. दोन रुग्णांचं नशीब इकडचं तिकडे झालं असतं तर ७ आणि ९. हॅझार्ड रेशोचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.११ ते ०.९३ आहे, म्हणजे प्रचंड फायदा ते जेमतेम फायदा, काहीही शक्य. पण मला याहून मोठी अडचण वाटते ती साखळीची. ज्या मार्गाने जीव वाचायला हवा होता, त्या मार्गावरची एकही पायरी बदललेली नाही. लेखकांनी हे निष्कर्षात स्वतःच मान्य केलंय, आणि त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. तुम्ही मात्र "अ‍ॅबथेरामुळे मृत्यू घटतात" असं थिसिसमध्ये लिहून हा पेपर जोडू नका.

"पण चीथम यांच्या २०१३ च्या अभ्यासातही तेच दिसलं ना?" हो, तिथे ३० दिवसांतले मृत्यू १४ विरुद्ध ३० टक्के होते. पण तो रँडमाइज केलेला नव्हता, पैसा अ‍ॅबथेरा बनवणाऱ्या कंपनीचा होता, आणि हे आकडे किमान ४८ तास तेच झाकण राहिलेल्या रुग्णांचे आहेत. त्याआधीच दगावलेले किंवा पोट बंद झालेले कुठे गेले, हे विचारा. दिशा एकच असली तरी दोन कच्चे पुरावे मिळून एक पक्का होत नाही.

उलट टोकही नको. रँडमाइज केलेल्या गटांमधला मृत्यूतला फरक "योगायोग" म्हणून झटकणंही आळशीपणाच. मोठी ट्रायल हवी, एवढं तो नक्की सांगतो. कर्कपॅट्रिक यांच्याच पुढाकाराने आखलेली 'कूल' ही मोठी ट्रायल वेगळं विचारते: पोटातल्या गंभीर जंतुसंसर्गात पोट उघडं ठेवावं की बंद करावं? तिथे बार्करचा पॅक स्पर्धेतच नाही.