तुरुंगांत गेलेलीं पत्रें

मराठींतील कांहीं थोर ग्रंथ तुरुंगांत जन्मास आले, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. 'गीतारहस्य' मंडालेस लिहिलें गेलें, 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगांत. त्या मानानें तुरुंगांतील पत्रांकडे टीकाकारांचें लक्ष कमी गेलें आहे. आणि जें गेलें तें, आमच्या मतें, एकाच बाजूस गेलें आहे. 'पत्रव्यवहार' या शब्दांत 'व्यवहार' आहे; म्हणजे देणें आहे तसें घेणेंही आहे. आमच्या संग्रहांत मात्र बंदिवानानें बाहेर धाडलेलीं पत्रें तेवढीं आढळतात. त्याला बाहेरून कोणी काय लिहिलें, याचा मागमूस क्वचितच लागतो. आम्ही अर्धा संवाद वाचतों, लिहिणाराच्या धैर्याची वाखाणणी करतों आणि पुस्तक मिटतों.

टिळकांचेंच उदाहरण घ्या. १९०८ च्या जुलैंत त्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली. १९१२ च्या जूनमध्यें सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या, आणि ती वार्ता मंडालेस तारेनें पोंचली. त्यानंतर भाचे धोंडोपंत विद्वांस यांस टिळकांनीं जें पत्र लिहिलें, त्यांत आपल्या दुःखास थोडीच जागा देऊन ते मुलांच्या चिंतेकडे वळतात. आपणही लहानपणींच मातापितरांस अंतरलों होतों, याची त्यांस आठवण देतात. या पत्राचा संयम सर्वांनीं वर्णिला आहे. पण धोंडोपंतांचें काय? घर, कोर्टकचेऱ्या आणि मुलें सांभाळून मामास जें जें कळविणें अवश्य तें कळविणारा, मागितलेलीं पुस्तकें शोधून धाडणारा हा गृहस्थ आमच्या वाङ्मयेतिहासांत केवळ पत्त्यापुरता उरला आहे. 'गीतारहस्या'चा खर्डा बांधीव वह्यांत शिसपेन्सिलीनें लिहिला गेला, त्या वह्यांचीं पानेंसुद्धां मोजलेलीं असत, हें आम्हांस पाठ आहे. त्या ग्रंथामागें पुण्याहून गेलेल्या टपालाचें केवढें ओझें आहे, तें आम्हीं कधीं तोललें नाहीं.

सावरकरांच्या अंदमानांतील पत्रांची गोष्ट याहून कठीण. १९११ सालीं ते तेथें पोंचले. पुढें वर्षाकांठीं एक पत्र लिहावयाचें, एक घ्यावयाचें. धाकटे बंधु नारायणराव यांस लिहिलेल्या या पत्रांत वर्षभर सांचलेली माया, चौकशी आणि मसलत एकदम लोटते. त्यांतून तुरुंगाचा अधिकारी हा तिसरा वाचक खांद्यावरून डोकावत असतो. कित्येक वाक्यांचें वळण त्याच्यामुळें आलें असावें, असें आम्हांस वाटतें. येसूवहिनींस उद्देशून त्यांनीं विलायतेहून 'सांत्वन' व 'माझें मृत्युपत्र' हीं काव्यें लिहिलीं. वहिनी आपल्या पतीस पुन्हा न भेटतांच वारल्या. मराठी वाचकाच्या मनांत त्या उभ्या आहेत, पण उभ्या आहेत त्या दिराच्या शब्दांत.

उलट बाजूचे दोन नमुने येथें आठवतात. महात्मा गांधींनीं १९३० सालीं येरवड्याहून आश्रमास दर मंगळवारीं व्रतांवर पत्रें धाडलीं. त्यांचेंच 'मंगल प्रभात' झालें. नेहरूंनीं १९३० ते १९३३ या काळांत कन्येस जगाचा इतिहास पत्ररूपानें सांगितला, परंतु त्यांतील बहुतेक पत्रें त्या वेळीं टपालांत पडलींच नाहींत. दोन्ही पुस्तकें मोलाचीं आहेत. पत्र म्हणून मात्र आम्ही धोंडोपंतांस आलेल्या चार ओळी वर ठेवूं. कारण त्यांस कोणी तरी काय विचारलें होतें याची खूण त्यांत आहे.

ही तक्रार थोरांपुरतीच नाहीं. १९३८ च्या स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहापासून १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाड्यांतील कित्येक तरुण निजामाच्या तुरुंगांत होते. सेलू, जिंतूर, पाथरी, गंगाखेड येथील जुन्या घरांच्या माळ्यावरचे पेटारे कोणी या दृष्टीनें उघडून पाहिले आहेत काय? सनदा आणि खरेदीखतें आपण जपतों. आईनें मुलास शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेलें पत्र, तो सुटून येतांना बरोबर घेऊन आला असला तरी, कागदाचें चिटोरें म्हणून चुलींत जातें.

आणि ज्यास लिहिणारें कोणीच नाहीं, त्याचें काय? येथें आमच्या पत्रपद्धतीचीच अडचण आहे. आमचा मायना नात्यावर चालतो: तीर्थरूप, चिरंजीव, सौभाग्यवती. अनोळखी माणसास 'सा. न. वि. वि.' आहे खरें, पण तें उघडतांच हिशेबाची वही उघडल्यासारखें होतें. शिवाय कैद्यास विनंती ती कसली करावयाची? ज्ञानदेवांस वडील म्हणावें कीं धाकटें, हें न कळून चांगदेवांनीं कोरा कागद धाडला, अशी कथा आहे. तुरुंगांतल्या परक्यास लिहूं पाहणाऱ्या सुशिक्षिताचा कागद याच कारणानें कोरा राहतो. मात्र चांगदेवांनीं तो निदान धाडला तरी, आणि त्यास पासष्ट ओव्यांचें उत्तर आलें.

विलायतेंत ही कोंडी निराळ्या रीतीनें फुटली. २८ मे १९६१ रोजीं पीटर बेनेन्सन या वकिलानें लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' पत्रांत विसरल्या गेलेल्या बंदिवानांवर लेख लिहिला. त्यांतून 'ॲम्नेस्टी' ही संस्था निघाली, आणि साधे गृहस्थ व गृहिणी कधीं न पाहिलेल्या कैद्यांची बाजू घेऊन सरकारांस, तसेंच खुद्द कैद्यांस व त्यांच्या घरच्यांस, पत्रें लिहूं लागले. तें कार्य मुख्यत्वें मतासाठीं कोंडलेल्यांचें होतें. चोरी किंवा मारामारी करून आंत गेलेल्यास लिहिणें अधिक अवघड. तेथें आपली कींव आणि आपला उपदेश दोन्ही लेखणीच्या टोंकाशीं येऊन बसतात, आणि दोन्ही त्यास नको असतात.

तेव्हां परभणीचा कोणी वाचक असें पत्र लिहावयास बसलाच, तर त्यानें विद्वांसांचा कित्ता गिरवावा. दुधनेस पाणी किती आलें, ज्वारी हुरड्यावर आली कीं नाहीं, बाजारांत काय भाव निघाला, हें लिहावें. अक्षर मोठें काढावें. आंतला गुन्हा विचारूं नये. पण त्याच्या गावाकडे पेरणी कधीं होते, असला एखादा प्रश्न शेवटीं अवश्य घालावा, म्हणजे त्यास उत्तर लिहावयास निमित्त मिळेल.